शुभ-लाभ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेत नव्या वह्यांची पूजा होत असे. लाल कापडाच्या बांधणीची लांबट चोपडी पाटावर ठेवायची, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, त्याच्या एका अंगाला 'शुभ' लिहायचे आणि दुसऱ्या अंगाला 'लाभ'. आम्हा मुलांचे लक्ष लाह्या-बत्ताशांकडे. परंतु ते हातात पडेपर्यंत तिष्ठत बसावे लागे, आणि तेवढ्या वेळात त्या पानावरचे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचीत असे. त्यांच्यामध्ये 'आणि' नसे, 'म्हणून' नसे, 'तरी' नसे. शुभ केले म्हणून लाभ होतो, की लाभ झाला म्हणून शुभ सुचते, की दोन्ही वेगळ्या गोष्टी असून केवळ एका पानावर शेजारी बसल्या आहेत, याचा खुलासा त्या वहीने कधी केला नाही. दुकानदाराला तो कोणी विचारलाही नाही.

अलीकडे मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळण्याचा एक नीरस छंद मला जडला आहे. ते वाचताना ती चोपडी आठवते. फरक इतकाच, की स्वस्तिकाच्या जागी या अहवालांनी 'म्हणून' हा शब्द लिहून टाकला आहे. आम्ही समाजाचे भले करतो, म्हणून आमची भरभराट होते, असे ते सांगतात. आणि हे सांगताना त्यांना संकोच वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. साबण, धुण्याची पूड, चहा अशा रोजच्या वस्तू घराघरांत पोचविणारी हिंदुस्थान युनिलिव्हर ही यांपैकी सर्वांत ठळक कंपनी. तिच्या मूळ कंपनीने २०१० साली एक दहा वर्षांची योजना जाहीर केली होती. धंदा दुप्पट करायचा, पर्यावरणावरचा भार निम्मा करायचा आणि शंभर कोटींहून अधिक माणसांचे आरोग्य सुधारायला हातभार लावायचा, अशी ती योजना. हा दानधर्म नव्हे, हेच आमचे व्यापारी धोरण आहे, असे त्यावेळचे चालक आवर्जून सांगत.

या बोलण्यात ढोंग आहे असे समजून पान उलटणे सोपे आहे. मला ते तितके सोपे वाटत नाही, आणि त्याचे कारण लाइफबॉय साबण आहे.

ही लाल वडी १८९५ पासून हिंदुस्थानात विकली जात आहे. २००२ साली कंपनीने 'स्वास्थ्य चेतना' नावाची मोहीम खेड्यांतून सुरू केली. कंपनीची माणसे शाळेत जात, मुलांच्या हातांना एक पांढरी पूड लावीत, हात नुसत्या पाण्याने धुवायला सांगत आणि मग निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली ते धरायला लावीत. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हातांवर पूड चमकू लागे. मग साबणाने धुवायचे आणि पुन्हा पाहायचे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत ही सगळ्या आरोग्यशिक्षणाची मूळ अडचण. ती या युक्तीने एका क्षणात दूर होई. आमची आजी राखेने हात धुवी आणि त्या राखेला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण बाळाला भरविण्याआधी हात धुवावे हे तिला कोणी असे दाखवून दिले नव्हते, आणि तिची दोन मुले हगवणीने गेली होती, हेही मला माहीत आहे.

कराचीच्या वस्त्यांतून झालेली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, तेथे मुलांमधील अतिसार निम्म्याहून अधिक घटला आणि पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. या पाहणीला पैसा पुरविणाऱ्यांत प्रॉक्टर अँड गॅम्बल ही दुसरी बलाढ्य साबण-कंपनी होती. गंमत अशी, की जंतुनाशक म्हणून महाग विकला जाणारा साबण आणि साधा साबण यांच्या गुणात त्या पाहणीला काहीही फरक आढळला नाही. कंपनीच्या पैशाने सत्य बाहेर आले आणि ते कंपनीच्या जाहिरातीला फारसे सोयीचे नव्हते. शुभ आणि लाभ यांची गाठ दिसते तितकी घट्ट नसते, याचा हा एक बारीकसा पुरावा म्हणून मी जपून ठेवला आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो. मूल वाचले. साबण खपला. मूल वाचावे म्हणून साबण खपविला, की साबण खपावा म्हणून मूल वाचविले, याने काय बिघडते?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली लिहिलेल्या नीतिविचारावरील ग्रंथात एक वाणी आणला आहे. हा वाणी सर्वांना एकच भाव लावतो. त्याच्या दुकानात लहान मूल पाठवले तरी फसवणूक व्हायची नाही. कांट म्हणतो, याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे खरे, पण ते कर्तव्याच्या बुद्धीने घडले असे यावरून म्हणता येत नाही. गिऱ्हाईक टिकावे हाही त्याचा हेतू असू शकेल. आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'त कांटला साक्षीला घेऊन हेच मांडले, की कर्माची पारख बाह्य फळावरून करू नये, कर्त्याच्या बुद्धीवरून करावी. उलट पक्षी अमेरिकेचा अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन याने १९७० साली लिहिले, की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे एवढीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. आणि लाभासाठीच केलेल्या कामाला जबाबदारीचा अंगरखा घालणे हे त्याच्या मते ढोंग होते. टिळक आणि फ्रीडमन हे दोघे एका बाकावर बसतील असे कोणाला स्वप्नातही वाटले नसते. परंतु 'हा धंदा आहे, याला धर्म म्हणू नका', इतक्यापुरते दोघांचे जमेल.

आपल्या सरकारने या वादात एक विलक्षण भूमिका घेतली आहे, आणि तिच्याकडे तत्त्वज्ञांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने, ज्या कंपन्यांचा नफा, उलाढाल वा मालमत्ता ठराविक मर्यादेपलीकडे आहे त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असे ठरविले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. त्याच वर्षी आयकराच्या कायद्यात एक स्पष्टीकरण घातले गेले, की हा खर्च धंद्यासाठी केलेला खर्च म्हणून वजा मागता येणार नाही. पुढे २०२१ च्या नियमांनी आणखी स्पष्ट केले, की आपल्या मालाच्या प्रसिद्धीचा फायदा मिळावा म्हणून एखाद्या उपक्रमाला पैसा पुरविला तर ते समाजकार्य धरले जाणार नाही. म्हणजे आयकर अधिकाऱ्यापुढे कंपनीचे सत्कार्य धंद्यासाठी नसते, आणि भागधारकांपुढे तेच सत्कार्य धंद्याच्या हिताचे असते. एकाच चोपडीतली एकच नोंद दोन दारी दोन अर्थांनी वाचली जाते. यात कोणी खोटे बोलतो असे नाही. माणसाचे हेतू खरोखरच असे दुहेरी असतात. कायद्याला मात्र एका खणात एकच वस्तू ठेवता येते.

मी स्वतः हेतूच्या शुद्धतेबद्दल फार कडक नाही. मिसळलेल्या हेतूवाचून जगात फारसे काही घडत नाही. विहीर खणणाऱ्या दात्यालाही तिच्या काठावर आपले नाव कोरलेले हवे असते. माझी अडचण निराळी आहे. धोरणाशी जुळलेल्या सत्कार्याला एक नकाशा असतो, आणि तो नकाशा दुःखाचा नसतो, विक्रीचा असतो. २००१ च्या सुमारास याच कंपनीने आंध्रातील नलगोंडा जिल्ह्यात 'शक्ती' हा उपक्रम सुरू केला. बचतगटांतील स्त्रियांनी घरोघर जाऊन कंपनीचा माल विकायचा आणि त्यावर चार पैसे मिळवायचे. ज्या लहान खेड्यांत घाऊक व्यापाऱ्याची गाडी जाणे परवडत नव्हते, नेमक्या त्या खेड्यांत ही योजना गेली. स्त्रीच्या हातात पैसा आला, हे खरे. तिच्या डोक्यावर जी टोपली आली, तिच्यात काय भरायचे हे मात्र तिला ठरवायचे नव्हते, हेही तितकेच खरे. बुलढाणा जिल्ह्यात खामगावला कंपनीचा साबणाचा कारखाना आहे. तेथील उजाड जमिनीवर माती-पाणी अडविण्याचे काम झाले आणि नंतर ते शेजारच्या गावापर्यंत गेले. चांगले काम. पण ते तेथे झाले कारण कारखाना तेथे आहे. कायदाही आसपासच्या प्रदेशाला आधी पाहा असेच सांगतो. ज्या दुष्काळी गावाच्या आसपास कोणाचा कारखाना नाही, त्याने तहान कोणाच्या धोरणात बसवावी?

शिवाय ज्या घटकेला धोरण आणि भले यांची फारकत होते, त्या घटकेला काय होते, हे पाहण्याची सोय याच कंपनीच्या इतिहासात आहे. गोरेपणाचे तिचे मलम १९७५ साली बाजारात आले आणि मुलींना काळ्या कातडीची लाज वाटायला लावून ते पिढ्यान् पिढ्या खपले. २००३ साली त्याच मलमाच्या नावाने एक प्रतिष्ठान निघाले आणि मुलींना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देऊ लागले. २०२० मध्ये, जगभर वर्णभेदाविरुद्ध ओरड झाल्यावर, मलमाच्या नावातून गोरेपणा काढला गेला. जिला शिष्यवृत्ती मिळाली तिच्या पुढ्यातील पुस्तके खरी आहेत. ती मी हिणवणार नाही. कोडाईकनाल येथील पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद पडला, कारण पाऱ्याचा कचरा भंगारवाल्याकडे आणि रानात गेल्याचे उघड झाले. तेथील ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला २०१६ साली, आणि तोही, कंपनीच्या शब्दांत, माणुसकीच्या विचाराने. मधल्या पंधरा वर्षांत शाळाशाळांतून मुलांचे हात निळ्या दिव्याखाली तपासले जात होते. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर एकच लक्षात येते. जे भले करायचे ते कंपनी निवडते. जे देणे लागते ते तिने निवडलेले नसते. म्हणूनच पहिले लवकर होते आणि दुसऱ्याला पंधरा वर्षे लागतात.

पुण्याहून नगरकडे जाताना रांजणगावचे कारखाने मागे पडतात, शिरूर ओलांडले की घोडनदीपलीकडे आमचा पारनेर तालुका लागतो, आणि वाडेगव्हाणपासून आत वळले की राळेगणसिद्धी. वर्षाला जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा टापू. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून येथे परतले, त्यावेळी गावात पिण्याच्या पाण्याची मारामार आणि दारूच्या भट्ट्या मात्र चाळीसच्या घरात, अशी स्थिती होती. यादवबाबांच्या पडक्या देवळाची लाकडे भट्टीच्या चुलीत गेली होती. हजाऱ्यांनी आपल्या पुंजीतून ते देऊळ आधी उभे केले. मग श्रमदान, नाला-बांध, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पैसा सरकारी योजनांतून आणि बँकांकडून आला, घाम गावाचा होता. उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत असे गावाने ठरविले. या सगळ्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला त्यातील एकच प्रसंग येथे हवा आहे. एका होळीला गावाने विडी, सिगारेट, तंबाखू गोळा करून पेटवून दिली आणि गावच्या दुकानांतून त्यांची विक्री बंद झाली.

हा प्रसंग ग्राहकोपयोगी मालाच्या इतिहासात लिहिला जायला हवा. कारण दुकानात काय असावे हे येथे गिऱ्हाइकांनी मिळून ठरविले, आणि ठरविले ते 'नको' असे. देशातील सर्वांत मोठी सिगारेट कंपनी, आय. टी. सी., अनेक राज्यांत पाणलोटाची कामे मोठ्या प्रमाणावर करते. बंधारे बांधते, तळी खोदते. ते बंधारे राळेगणच्या बंधाऱ्यांइतकेच पाणी धरतात, पाण्याला हेतू कळत नाही. परंतु त्या तळ्याच्या काठावरचे एखादे गाव उद्या सभा भरवून म्हणाले, की आमच्या दुकानात तुमची सिगारेट नको, तर त्या सत्कार्याच्या धोरणात या ठरावाला कोठे जागा आहे? साबणाच्या बाबतीत प्रश्न इतका टोकाचा नाही, पण प्रकार तोच. पाच पैशांचा माल आणि प्लॅस्टिकची पुडी अशा पुड्या आमच्या ओढ्यांत जाऊन अडकतात. एखाद्या ग्रामसभेने पुडी नको, सुटी पूड द्या म्हटले, तर हात धुवायला शिकविणारे ते लोक त्या सभेला येतील काय?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. गाव शुद्ध, कंपनी अशुद्ध. परंतु राळेगणची दुसरीही आठवण आहे. दारू पिऊन येणाऱ्यांना तेथे खांबाला बांधून मारले जाई, आणि हजाऱ्यांनी ते लपविले नाही. आई आजारी मुलाला कडू औषध पाजते तसे हे, असे समर्थनही केले. मुकुल शर्मा यांनी राळेगणचा अभ्यास करून दाखविले आहे, की या नैतिक अधिकाराचा भार गावातील दलितांच्या ताटापर्यंत, त्यांच्या मांसाहारापर्यंत, गेला होता. ज्याला आपला काडीचाही लाभ नको असतो, अशा माणसाच्या हातात कधीकधी फार मोठी काठी येते, कारण त्याच्या हेतूवर बोट ठेवायला जागाच नसते. साबण विकणारा कोणालाही खांबाला बांधीत नाही. त्याला मन वळवावे लागते, दिवा आणावा लागतो, मुलांना हसवावे लागते. उद्या तुम्ही त्याचा साबण घेतला नाही तर तो फार तर खट्टू होईल. निर्लोभ माणसापेक्षा लोभी माणसाजवळ आपण अधिक मोकळे असतो, ही गोष्ट कांटच्या वाण्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवी होती.

म्हणून मला आता हेतूची परीक्षा फारशी महत्त्वाची वाटत नाही. शुद्ध हेतू आणि मिश्र हेतू या दोघांनाही एकच प्रश्न विचारावा, की ज्याचे भले करायला निघालात तो 'नको' म्हणाला तर काय कराल? राळेगणच्या दारुड्याला तो प्रश्न विचारला गेला नाही. नलगोंड्याच्या बाईलाही नाही. आणि कंपन्यांपुरते बोलायचे तर त्यांनी धंद्याला धंदा म्हणावे, त्यात कमीपणा नाही. कोडाईकनालसारखे देणे आधी फेडावे. आणि २ टक्के रकमेतून कोणत्या गावाची कोणती गरज भागवायची हे ठरविणाऱ्या बैठकीत त्या गावाचे माणूस बसवावे. २०२४ पासून त्या मूळ कंपनीने आपली अनेक जुनी समाजोपयोगी उद्दिष्टे सैल केली आहेत. त्याच्या दोन वर्षे आधी एका मोठ्या भागधारकाने तिची टर उडविली होती, की पावाला लावायच्या मेयॉनेजलासुद्धा जीवितकार्य शोधणारी ही कंपनी भरकटली आहे. भागधारकाचे 'नको' ऐकू जाते. ते फार लांबून बोलले तरी ऐकू जाते.

कांटचा वाणी माझ्या डोळ्यांपुढे येतो तो मात्र आमच्या पेठेतल्याच एका दुकानदाराच्या चेहऱ्याने. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ-दहा वर्षांचा होतो. माणसे खडी फोडायला जात, शाळेत सुकडी मिळे, घरी मिलोची लाल भाकरी. ज्वारी दुसरीकडे काळ्या भावाने जात असता या माणसाने आपला भाव फार चढविला नाही आणि उधारी बंद केली नाही. वडिलांनी त्याला एकदा विचारले, तर तो म्हणाला, "मास्तर, गाव जगलं तर दुकान जगंल." वडिलांना हे उत्तर फार आवडले होते, मला पुढे कांट वाचल्यावर ते जरा खटकू लागले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या आळीतले एक कुटुंब गाव सोडून निघाले. घर विकले होते, जमीन आधीच गेली होती. ते पुन्हा यायचे नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. गाडी दुकानापाशी थांबली तेव्हा दुकानदाराने आतून दोन पायल्या ज्वारी आणून त्या बाईच्या पदरात ओतली. मी पायरीवर बसलो होतो. चोपडी गादीवर उघडीच होती आणि दौत-टाक शेजारी होते. तो पुन्हा येऊन गादीवर बसला, पण त्याने काही लिहिले नाही. माझी आई रॉकेलसाठी तेथे उभी होती. तिने विचारले, "शेटजी, मांडून नाही ठेवलं?"

"मांडून काय करू, बाई," तो म्हणाला, "ते काय परत येणारेत थोडेच."